जुनी डिझेल पिकअप बघताना इंजिन थंडच पाहिजे

आज मित्रासोबत जुनी डिझेल पिकअप बघायला गेलो, तर मालकाने आधीच गाडी चालू करून ठेवलेली, बोनेटला हात लावला तर चांगलंच गरम. म्हटलं बंद करा, थंड होऊ दे, थांबतो आम्ही. डिझेलचं खरं काय ते कोल्ड स्टार्टलाच, म्हणजे थंड इंजिन चालू करतानाच कळतं, निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, पांढरा थांबतच नसेल तर इंजेक्टर (डिझेल फवारणारा भाग), कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) नाहीतर हेड गॅस्केट (इंजिनच्या हेडखालचं सील) यात गडबड. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडलं तर आतून भकाभका धूर, बहुतेक पिस्टनच्या रिंगा गेल्यात. रंग एकदम नवा हां, पण खाली वाकून बघितलं तर पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) ब्रॅकेटजवळ चेसिसला वेल्डिंग, म्हणजे ओव्हरलोड मारलेली दिसतेय. मित्राला फार आवडलेली, पण मी नाहीच घेऊ दिली.