ईगल्स की क्रीडन्स?

जुनं अमेरिकन रॉक ऐकणाऱ्यांच्या गप्पांत हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो: थोर बँड कोणता, ईगल्स की क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल? तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो. क्रीडन्स.

आकडे बघाल तर निकाल उलटा लागेल. अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या ‘बिलबोर्ड’ यादीत ईगल्सची पाच गाणी पहिली आली. क्रीडन्सची पाच दुसऱ्या क्रमांकावर अडली, पहिलं एकही नाही. ईगल्सच्या १९७६च्या निवडक गाण्यांच्या अल्बमला अमेरिकेत २०१८ साली ३ कोटी ८० लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्शच्या गिटारी ज्या गुंफत जातात, त्या वाजवायची हौस आपल्याकडेही गिटार हातात घेणाऱ्या कितीतरी पोरांना असते.

तरी क्रीडन्स. कारण १९६९. त्या एका वर्षात त्यांनी तीन अल्बम काढले: ‘बायू कंट्री’, ‘ग्रीन रिव्हर’, ‘विली अँड द पुअर बॉइज’. यातल्या तिसऱ्यावरचं ‘फॉर्च्युनेट सन’ ऐका. जेमतेम सव्वादोन मिनिटांच्या आसपासचं गाणं. व्हिएतनामसाठी सक्तीची सैन्यभरती चालू होती. बड्यांची मुलं सुटत होती, साध्या घरांतली जात होती. क्रीडन्सचा गायक जॉन फोगर्टी याला स्वतःलाच १९६६ साली भरतीचं बोलावणं आलं होतं आणि तो राखीव दलात होता. त्या आवाजातली चीड उसनी नाही.

पण माझा जीव खरा अडकतो तो मागच्या तिघांत. टॉम फोगर्टीची ऱ्हिदम गिटार, स्टू कुकचा बेस, डग क्लिफर्डचे ड्रम्स. कुणीच पुढे पुढे करत नाही. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचं ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ त्यांनी अकरा मिनिटं वाजवलंय, तिथेही ठेका जागचा हलत नाही. ईगल्स ऐकताना मला सुंदर, घासूनपुसून लख्ख केलेलं काम ऐकू येतं. क्रीडन्समध्ये एका खोलीत वाजवणारी चार माणसं.

गळ्यांचं म्हणाल तर ईगल्सना तोड नाही. ‘सेव्हन ब्रिजेस रोड’च्या सुरुवातीला त्यांचे पाच आवाज वाद्यांविना मिळतात, तसं क्रीडन्सकडे काही नाही. क्रीडन्सचा गाता गळा मुळात एकच. १९७१मध्ये टॉम बाहेर पडला, पुढच्या वर्षी ‘मार्दी ग्रा’साठी तिघांनी गाणी वाटून घेतली, अल्बम फसला, बँडही फुटला.

पहिल्यांदाच ऐकणार असाल तर ‘ग्रीन रिव्हर’ लावा, आवाज मोठा ठेवून, आणि गाण्याआधी ड्रम्सकडे कान द्या.