खाली पाऊस, वर बर्फ: जानेवारीतला कुल्लू-मनालीचा आठवडा

जानेवारीत मनालीला निघालोय म्हटलं की जो तो एकच विचारतो, बर्फ मिळेल का? या प्रश्नाला तारीख सांगून उत्तर देता येत नाही, उंची सांगून देता येतं. कुल्लू शहर सुमारे १,२०० मीटरवर, नग्गर १,८०० च्या आसपास, मनाली २,०५० आणि सोलांग २,५०० मीटरच्या जवळ. पलीकडच्या लाहौल खोऱ्यात नेणाऱ्या अटल बोगद्याचं तोंड तर ३,००० च्या वर. हजार मीटर चढलं की तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे एकाच ढगाखाली कुल्लूत पाऊस, नग्गरला पाणी की बर्फ कळेना अशी भुरभुर आणि सोलांगला गुडघाभर बर्फ. आमच्या आठवड्यात अगदी हेच झालं, आणि एकदा नाही.

आम्ही तिघं होतो: मी, नवरा आणि सासूबाई. मुक्काम मनालीत न करता नग्गरला केला आणि पुढच्या वेळीही तिथेच करेन. मनालीपासून वीस-एक किलोमीटर खाली, ब्यासच्या डाव्या तीरावर हे गाव आहे. पाऊस पडला तर खाली कुल्लूकडे जाता येतं, बर्फ हवा असेल तर वर. रस्ता बंद झाला तरी आपण अगदी टोकाला अडकत नाही. शिवाय उन्हाचा हिशेब आहे. नदी उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे उजव्या तीरावरच्या मनालीला सकाळचं ऊन आधी मिळतं आणि डोंगराआड लवकर जातं. डाव्या तीरावर सकाळी वाट बघावी लागते, पण दुपारचं ऊन उशिरापर्यंत अंगावर घेता येतं. ज्येष्ठ माणूस सोबत असेल तर खोली घेताना ‘व्ह्यू’ नंतर विचारा, आधी खिडकीत ऊन किती वाजता येतं ते विचारा.

सुरुवातीचे दिवस कोरडे होते. आभाळ स्वच्छ, दुपारी नुसत्या स्वेटरवर अंगणात बसता येईल असं ऊन, आणि सूर्य गेला की पंधरा मिनिटांत हाडं वाजायला लागतील अशी थंडी. बर्फ नाही म्हणजे थंडी कमी, असं धरून येणारे इथेच फसतात. उघड्या आभाळाच्या रात्री जमिनीची ऊब निघून जाते, ढग असले तर ती अडून राहते. आठवड्यातल्या सगळ्यात कडक रात्री निरभ्रच होत्या.

आम्हाला ऊन आवडत होतं, घरमालकांना अजिबात नाही. सफरचंदाला हिवाळ्यात ठरावीक काळ थंडी लागते. जुन्या डेलिशस जातींना सात अंशांखालचे हजारभर तास तरी हवेत, नाहीतर वसंतात फुलोरा नीट येत नाही. बर्फ हळूहळू वितळून मुळांशी ओल धरतो, म्हणून इथे त्याला ‘सफेद खाद’ म्हणतात. बागेत छाटणी चालू होती आणि मालक अधूनमधून मान वर करून आभाळ बघत होते. आमचं सासर निफाडकडचं, द्राक्षवाल्यांचं. तिकडे पारा घसरला की मणी तडकतील या धास्तीनं पहाटे बागेत शेकोट्या पेटतात. थंडी पडावी म्हणून देवाला हात जोडणारा बागाईतदार सासूबाईंनी पहिल्यांदाच पाहिला.

मग एका दुपारी सूर्याभोवती खळं दिसलं. वर उंच, पातळ, पांढरट ढगांचा पडदा. त्या रात्री थंडी चक्क कमी वाटली. आम्ही खूश. सकाळी मालकीणबाई म्हणाल्या, “दीदी, कपड़े अंदर ले लो, आज मौसम बनेगा.” पश्चिमी विक्षोभ यायच्या आधी असंच होतं. भूमध्य समुद्राच्या बाजूनं निघालेली कमी दाबाची ही प्रणाली इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडून हिमालयाला धडकते. आधी उंच ढग, मग उबदार रात्र, मग दक्षिणेकडचा वारा, मग पाऊस. ती पुढे सरकली की मागून कोरडी थंड हवा येते, आणि तीच काही दिवसांनी निफाडलाही पोचते.

दुपारी नग्गरला पाऊस लागला. चांगला, आपल्याकडच्या श्रावणासारखा, फक्त बोटं बधिर करणारा. पर्यटकांचा हिरमोड होतो तो याच वेळी, आणि बरेचजण गाडी काढून वर पळतात. तसं करू नका. वरून पडणारा बर्फ खालच्या उबदार हवेत वितळतो तेव्हा त्या हवेतली उष्णता घेतो. पाऊस तासन्‌तास चालला की हवा गार होत जाते आणि बर्फाची रेषा आपणहून खाली उतरते. समोरच्या डोंगरावर ती दिसतेच: देवदार कुठपासून पांढरे झालेत ते ढग जरा हलले की बघायचं. दुपारी ती रेषा बरीच वर होती, अंधार पडता पडता गावाच्या डोक्यावर आली, आणि रात्री कधीतरी छपरावरचा पावसाचा आवाज थांबला. पाऊस थांबला नव्हता, त्याचा बर्फ झाला होता.

वीज गेली होतीच. ती जातेच. मोबाइलचं नेटवर्कही मागोमाग गेलं. मधल्या खोलीत तंदूर होता, म्हणजे लाकडावर चालणारी पत्र्याची शेगडी. तिचा धूर नळीतून थेट छपराबाहेर जातो आणि घरातलं सगळं जगणं तिच्याभोवती सरकतं. दोन दिवसांवर संक्रांत होती, इथे तिला माघ साजा म्हणतात आणि त्या दिवशी भरपूर तूप घालून उडदाची खिचडी करतात. आम्ही नेलेला तिळगूळ सासूबाईंनी सगळ्यांच्या हातावर ठेवला. ‘गोड बोला’चा अर्थ समजावताना त्यांचं हिंदी अपुरं पडलं, पण त्यावाचून काही अडलं नाही. सिड्डू मात्र आवर्जून खा. आंबवलेल्या कणकेत अक्रोड किंवा खसखशीचं सारण भरून वाफवतात आणि वर तूप सोडतात. अशा हवेत त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मोमो पुण्या-नाशकातही मिळतात.

दुसऱ्या दिवशी सोलांगला जायचा मोह सगळ्यांनाच होतो. ताज्या बर्फानंतर पोलीस नेहरू कुंडाच्या आसपास साध्या गाड्या थांबवतात आणि पुढे फक्त फोर बाय फोर, तीही चाकांना साखळ्या असतील तर सोडतात. यात हुज्जत घालण्यासारखं काही नाही. २०२४ च्या डिसेंबरात, नाताळच्या तोंडावर, सोलांग आणि अटल बोगद्याच्या मध्ये हजाराच्या आसपास गाड्या बर्फात अडकल्या होत्या, आणि लोकांना पोलिसांनी तासन्‌तास खपून बाहेर काढलं. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा २०२० च्या ऑक्टोबरात सुरू झाला तेव्हापासून लाहौल हिवाळ्यातही तुटत नाही हे खरं, पण बोगद्याच्या आत बर्फ नसतो, अडचण दोन्ही तोंडांशी असते. मनालीच्या बाजूच्या तोंडाजवळचा धुंडीकडचा पट्टा हिमस्खलनाचा आहे. जोराच्या बर्फवृष्टीनंतर दोन दिवस तरी नाल्यांच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढू नका.

आम्ही त्या दिवशी गावातच फिरलो आणि काही गमावलं नाही. नग्गरचा किल्ला दगड आणि देवदाराच्या तुळयांचे एकाआड एक थर देऊन बांधलाय. या पद्धतीला काठकुणी म्हणतात. १९०५ च्या कांगडा भूकंपात तो टिकला. वर रशियन चित्रकार निकोलाय रोरिक यांचं घर आहे. १९२८ पासून १९४७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते इथे राहिले. त्यांच्या चित्रांतला निळा-जांभळा हिमालय मला आधी कल्पनेतला वाटायचा. बर्फ पडून गेल्यावर संध्याकाळी समोरचा डोंगर बघितला आणि तक्रार मागे घेतली. संग्रहालय सोमवारी बंद असतं.

आता खरा धोक्याचा दिवस: बर्फानंतरचा पहिला निरभ्र दिवस. फोटोंसाठी तो सर्वोत्तम. पण दुपारी वितळलेलं पाणी संध्याकाळनंतर रस्त्यावर काचेसारखं गोठतं आणि डांबर काळंच दिसत राहतं. सकाळी दहाच्या आधी आणि चारनंतर गाडी काढू नये, असं माझं स्पष्ट मत. चालताना बुटांवर चढवायचे रबरी ग्रिपर कामाला येतात. ते घरूनच न्या. स्वतःची गाडी असेल तर रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. वायपर काचेपासून उचलून ठेवा.

संक्रांतीनंतर बसने मनालीला गेलो. ढुंगरीच्या देवदारांत १५५३ सालचं हिडिंबेचं मंदिर, छपरांवर बर्फ, आणि सकाळी नऊच्या आधी गेलात तर शांतता. खऱ्या शांततेची गोष्ट पलीकडे गोशाल गावात आहे. मकरसंक्रांतीपासून ४२ दिवस गोशाल आणि आसपासच्या गावांत देव स्वर्गात गेलेले असतात अशी श्रद्धा आहे. तेवढे दिवस मोठा आवाज करायचा नाही, टीव्ही-रेडिओ बंद, शेतीचं कामही बंद. त्या दिवसांत तिकडे गेलात तर गाडीतला स्पीकर बंद करा.

शेवटी आणखी एक हलका विक्षोभ आला. त्यानं एका दिवसात ऊन, गारा, भुरभुर आणि पुन्हा ऊन दाखवलं. अशा दिवसासाठी मनालीजवळच्या वशिष्ठची गरम पाण्याची कुंडं हातची ठेवावीत. सासूबाईंचे गुडघे तिथे पाऊण तास प्रसन्न होते.

सामानाचं थोडक्यात. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा तीन पातळ थर बरे, कारण दुपारी काढायचे आणि संध्याकाळी चढवायचे असतात. पाऊस येणारच, म्हणून सगळ्यात वरचा थर पाणी न शिरणारा हवा. रस्त्यावर भाड्यानं मिळणारे बर्फाचे सूट आणि गमबूट बऱ्याचदा आतून ओले असतात. हात घालून बघा आणि आत स्वतःचे लोकरी मोजे घाला. रोख पैसे जवळ ठेवा, नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर झरोका उघडा असल्याशिवाय पेटवू नका, आणि कोळशाची शेगडी घेऊन बंद खोलीत झोपू नका. दोन्हींच्या विषारी वायूनं दरवर्षी माणसं जातात. रात्री नळ थेंबथेंब सोडून ठेवायला सांगतील, तसं करा, नाहीतर सकाळी पाइप गोठलेला असतो. हवामान विभागाच्या शिमला केंद्राचा अंदाज बघताना ‘मध्य पर्वतीय’ आणि ‘उच्च पर्वतीय’ हे दोन्ही रकाने वाचा. मनाली त्या दोन्हींच्या वेशीवर आहे.

वेळापत्रकात सोलांग, बोगदा, बोगद्यापलीकडचं सिस्सू यांना आधीच दिवस वाटून देऊ नका. रोज सकाळी डोंगरावरची बर्फाची रेषा बघून ठरवा. मोकळा दिवस ठेवायचाच असेल तर तो मनालीत नको, चंडीगढला ठेवा. पावसानंतर कुल्लूहून मंडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, पंडोह ते औट या पट्ट्यात दगड येतात. कुल्लूजवळच्या भुंतर विमानतळावर छोटी विमानं उतरतात आणि ढग आले की ती रद्द होतात. खाली मैदानात विक्षोभ गेल्यावर दाट धुकं पडतं, त्यामुळे अंबाल्याहून मुंबईकडे येणाऱ्या गाड्याही रखडतात. उतरताना दिवसाची बस घ्या, रात्रीची व्होल्वो नको. आणि गाडी किती उशिरा आहे ते स्टेशनवर जायच्या आधी बघा. जानेवारीत अंबाल्याच्या फलाटावर बसायला लागलं, तर नग्गरची थंडी बरी होती असं म्हणायची पाळी येते.