तुम्ही विचारलंत म्हणून: मुशी मासा कशी?

“पिल्लं देते, मग मुशी मासा कशी?” पालक विचारतात, मासळीबाजारात शेजारी उभ्या बायका विचारतात. मुशी म्हणजे लहान शार्क. कल्ले, पर, सगळं सांगून झालं की पुढचा प्रश्न येतोच: “म्हणजे ती बाकीच्या माशांपेक्षा पुढारलेली ना?”

नाही हो. आणि या शब्दाचा मला राग येतो, कारण तो मीच वर्गात शिकवलाय. फळ्यावर पायऱ्या काढायचे. खाली अंडी घालणारा मासा, वर पिल्लं देणारी गाय.

शाळा खाडीच्या तोंडाशी होती. सहामाहीत प्रश्न घातला: मासे अंडी घालतात, चूक की बरोबर? कोळीवाड्यातल्या एका मुलीने ‘चूक’ लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात, ‘मुशीला गाबोळी नसते, पोरं असतात.’ गाबोळी म्हणजे माशाच्या पोटातली अंडी. मी लाल शाईने काट मारली.

पेपर वाटले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओल्या फडक्यात मुशी घेऊन आली. पोट आईने चिरून दिलेलं. आत अकरा पिल्लं, करंगळीहून जरा लांब, डोळे उघडे. प्रत्येकाच्या छातीच्या परांमधून एक नाळ निघालेली, तिच्यावर मखमलीसारखे बारीक तंतू, दुसरं टोक गर्भाशयाच्या भिंतीत घट्ट. तिने एक नाळ दोन बोटांत धरली. “बाई, ही नाळच ना?”

मला माहीत होतं. बी.एस्सी.ला मेंदूच्या नसा मोकळ्या करायला हीच मुशी, शास्त्रीय नाव स्कोलिओडॉन, किती वेळा चिरली होती. तिच्या वारेवर, म्हणजे नाळ जिथे आईच्या गर्भाशयाला जोडते त्या भागावर, परीक्षेत टीपही लिहिली होती. तरी म्हणाले, “हा अपवाद आहे. पेपरात पुस्तकातलं लिहायचं.” तिने फडकं पुन्हा नीट गुंडाळलं. त्या वर्षी तिने परत हात वर केला नाही.

बावीस-तेवीस वर्षांची होते, पुस्तकाप्रमाणे गुण द्यायचे होते, हे खरं आहे. पापलेट, बांगडा, सुरमई, माशांच्या तीस हजारांवर जातींपैकी बहुतेक अंडीच घालतात, हेही खरं. पण ‘अपवाद’ मी तिला गप्प करायला म्हटलं.

या मुशीचं अंडं जेमतेम 1 मिलिमीटरचं. त्यात बलक नसल्यासारखाच, म्हणून पिल्लू आईच्या रक्तातून येणाऱ्या पोषणावर वाढतं. मुशीच्या एका जातीची वार ॲरिस्टॉटलने लिहून ठेवली होती; जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलरने 1842 मध्ये ती खरी असल्याचं दाखवलं. ऑस्ट्रेलियात सापडलेल्या, 2008 मध्ये वर्णन झालेल्या मॅटरपिसिस या माशाच्या जीवाश्मात पोटातलं पिल्लू नाळेसकट आहे. वय सुमारे 38 कोटी वर्षं. तेव्हा गाय सोडा, सरडासुद्धा नव्हता. मुशी आणि पाकट (चपटा रे मासा) यांच्या कुळात पिल्लं देणं एकदा नाही, वेगवेगळ्या शाखांत अनेकदा उपजलं, आणि त्यांच्यातल्या निम्म्याहून जास्त जाती आज पिल्लं देतात. माझ्या पायऱ्यांवर हे कुठे बसवू?

सरंगा लाखांनी अंडी पाण्यात सोडतो, मुशी दहा-बारा पिल्लं पोटात वाढवते. दोघंही एकाच जाळ्यात येतात.

तो एक गुण मी द्यायला हवा होता. पण नुसतं ‘चूक’ हे उत्तर तरी पूर्ण बरोबर होतं का, यावर माझं माझ्याशीच अजून भांडण चालू आहे.