'बघतो सर'

स्टुटगार्टजवळच्या एका प्लांटला सप्लायर क्वालिटी बघतो, त्याआधी चाकणला नऊ वर्षं काढली. माझं खरं काम म्हणजे दोन्हीकडच्या साहेबांना एकमेकांचं बोलणं उलगडून सांगणं, पगार मात्र त्याचा मिळत नाही.

तर अॅल्युमिनियम हाउसिंगचे, म्हणजे पोकळ कवचांचे, सहाशे नग विमानाने मागवायचे होते, न्हावाशेवाहून बोटीने यायला महिना-दीड महिना जातो. कॉलवर आमच्या जर्मन मॅनेजरने चाकणच्या पोराला विचारलं, गुरुवारपर्यंत सहाशे निघतील का. आता जर्मन माणसाला इथे आकडा हवा असतो, चारशेच होतील म्हटलं तरी तो चिडत नाही, लिहून घेतो आणि पुढची सोय बघतो. पोरगा म्हणाला, "येस येस." मग मराठीत, "बघतो सर, होऊन जाईल." ट्रॅकरमध्ये रंग मी भरायचा. हिरवा भरला, म्हणजे माल वेळेत निघणार.

पुढच्या शुक्रवारी दुपारी आमच्या लीक टेस्टवर पहिल्या पन्नासात सहा नग फेल! ही टेस्ट माल निघण्याआधी चाकणलाही होते, दिसायला सोपी, नगात हवा भरून कोंडायची आणि दाब किती पडतो ते बघायचं. पण वॉशिंगमधून निघालेला नग गरम असतो, तो गार न होऊ देता लावला तर आतली हवा तापते, दाब वाढतो आणि गळका नगही ओके दाखवतो. सहाशेचा आकडा गाठायला तिकडे नेमका रॅकवर गार करायचाच वेळ कापलेला.

सोमवारी सकाळी सहाला लाइन सुरू होणार, म्हणून मला शनिवारी सगळा माल तपासायचा होता. चाकणला दोन फोन आणि वडापाववर दहा पोरं जमवली असती. इथे ओव्हरटाइमला बेट्रिब्सराटची, म्हणजे कामगारांनी निवडून दिलेल्या मंडळाची संमती लागते, 1972 चा कायदाच आहे तसा, आणि शुक्रवारी तीनला पार्किंग अर्धं रिकामं. मी जाम चडफडलो. लाइनवरची बाई जॅकेट चढवत म्हणाली, "गेल्या आठवड्यात सांगितलं असतंस तर परवानगी काढून ठेवली असती ना."

चिडून चाकणला फोन लावला. तिकडे रात्रीचे नऊ वाजून गेलेले, गडी अजून शॉपवरच. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, साहेबांना तोंडावर नाही कसं म्हणू? तुम्ही होतात ना कॉलवर. बघतो म्हटलं की तुम्हाला कळेल असं वाटलं."

कळलं होतंच की. नऊ वर्षं मीही तेच म्हणत आलोय.

8डी रिपोर्टमध्ये, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय लिहायच्या फॉर्ममध्ये, दोष का निसटला या रकान्यात मी लिहिलं, टेस्टआधी नग गार केला नाही. खोटं काहीच नाही त्यात. मॅनेजरने वाचलं, सही केली, मग विचारलं, "त्या दिवशी तुला खरंच हिरवा वाटला होता?"

मी म्हणालो, "या, या." जर्मनमध्ये हो, हो.

त्याने तेही लिहून घेतलं.