चावी एक घर मागे

टोइंगच्या ट्रकवरून ती गाडी आमच्या गॅरेजच्या दारात उतरली, तेव्हा तिच्या मालकांच्या चेहऱ्यावरचा थकवा लपत नव्हता. गाडी १९७२ सालची शेव्हर्ले शेव्हेल होती. इथे मिशिगनमध्येच मोटारींच्या कारखान्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी ती जिवापाड जपली होती. स्टिअरिंगचे चाक हातात डुगडुगू लागले म्हणून त्यांनी दुसऱ्या एका ठिकाणी कॉलम, म्हणजे चाकाखालची दांड्याची नळी, उघडून घेतला, आणि तेव्हापासून गाडी सुरूच होईना. तिथल्या मेकॅनिकने आधी नवा इग्निशन स्विच बसवला, मग नवा स्टार्टर, म्हणजे आपल्याकडचा सेल्फ, आणि शेवटी बॅटरीही बदलली. एवढा खर्च होऊनही गाडी जागची हलली नव्हती.

जनरल मोटर्सने १९६९ च्या मॉडेलांपासून मोटारींची चावी डॅशबोर्डवरून काढून स्टिअरिंग कॉलमवर आणली. चावी वर असली, तरी विजेचा स्विच मात्र तिच्या मागे नसतो; तो खाली, ब्रेकच्या पॅडलच्या वरच्या बाजूला, कॉलमच्या नळीवर दोन स्क्रूंनी बसवलेला असतो. चावी फिरली की आतला दातेरी तुकडा रॅकला, म्हणजे दाते असलेल्या पट्टीला, सरकवतो, रॅक एका लांब सळईला ढकलतो आणि ती सळई स्विचमधली सरकपट्टी पुढेमागे करते. हे सारे डोळ्यांसमोर असल्याशिवाय हाती मल्टीमीटर घेण्यात अर्थ नसतो, असे माझे मत आहे.

मी मालकांना विचारले, “चावी काढल्यावर काही चालू राहते का?” ते म्हणाले, “रेडिओ. चावी माझ्या खिशात असते आणि रेडिओ वाजत राहतो. बॅटरी त्यामुळेच उतरते.” मग मी स्वतः चावी फिरवून पाहिली. ‘रन’वर डॅशबोर्ड काळाठिक्कर राहिला. ‘स्टार्ट’वर नेली तेव्हा ऑइलचा आणि जनरेटरचा दिवा लागला, मात्र सेल्फ गप्पच. ‘ॲक्सेसरी’कडे तर चावी वळेचना.

या स्विचची घरे क्रमाने ॲक्सेसरी, लॉक, ऑफ, रन आणि स्टार्ट अशी असतात. चावी काढलेली, म्हणजे लॉकवर असताना रेडिओ चालतो, रनवर असताना काहीच चालत नाही आणि स्टार्टवर असताना रनचे दिवे लागतात, याचा अर्थ सरकपट्टी चावीच्या एक घर मागे आहे. चावी ॲक्सेसरीकडे न वळण्याचे कारणही तेच, कारण पट्टी आधीच टोकाला टेकलेली होती.

तरीही खात्री करून घेणे आवश्यक होते. गिअर पार्कमध्ये ठेवून आणि हँडब्रेक ओढून मी स्विचचा कनेक्टर सोडवला आणि बॅटरीकडून येणारी लाल वायर सेल्फकडे जाणाऱ्या जांभळ्या वायरीला क्षणभर जोडली. इंजिन ताबडतोब फिरले, म्हणजे सेल्फ आणि त्याकडे जाणारी वायर ठणठणीत होती. मग कनेक्टर परत लावून, स्विच नळीवरून सोडवून त्याची पट्टी स्क्रूड्रायव्हरने हाताने सरकवली, तर प्रत्येक घरात जे चालायला हवे ते चालले. स्विचही निर्दोष ठरला.

स्विच काढतानाच एक गोष्ट हाताला लागली आणि मी चरकलो. तिथे बसवलेले दोन्ही स्क्रू मूळ स्क्रूंपेक्षा लांब होते. जोराची धडक बसली की हा कॉलम स्वतःत दबतो आणि चालकाची छाती वाचवतो. लांब स्क्रू त्या दबण्याच्या आड येऊ शकतात, म्हणून कंपनीच्या मॅन्युअलमध्ये ठरलेल्या लांबीचेच स्क्रू वापरावेत अशी स्पष्ट ताकीद असते. ते दोन्ही स्क्रू मी बाजूला ठेवले आणि योग्य मापाचे घेतले.

चावी ऑफवर ठेवून, सरकपट्टी ॲक्सेसरीच्या टोकापासून दोन घरे पुढे ऑफवर आणून, स्विचच्या छोट्या भोकात ३/३२ इंचाची ड्रिल बिट घालून मी पट्टी जागेवर अडकवली, सळईचे टोक तिच्यात बसवले, स्क्रू आवळले आणि बिट काढून घेतली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू झाली. या गाडीचे चाक टिल्टचे, म्हणजे खाचाखाचांनी वर-खाली वाकवता येणारे होते. मालकांनी समाधानाने ते आपल्या सवयीप्रमाणे खाली वाकवले आणि इंजिन बंद पडले.

मी चाक दोन्ही हातांनी धरून हलवले, तर कॉलमचे डोके अजूनही किंचित डुलत होते. ज्या दुरुस्तीसाठी गाडी मुळात दिली होती, तीच अर्धवट राहिली होती. डोके असे डुलले की सळईचे अंतर बदलते. त्यावर स्विच कितीही काळजीने बसवला, तरी तो टिकणार कसा?

बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवून मी कॉलम पुन्हा उघडला. चाक हातोड्याने न ठोकता पुलरने, म्हणजे ओढून काढण्याच्या अवजाराने, काढले, कारण शाफ्टवर बसणारा घाव आतल्या प्लास्टिकच्या पिना तोडतो. चाक लॉक करणारी लॉकप्लेट दाबून काढली, इंडिकेटरचा स्विच वर ओढला, टिल्टच्या दोन पिना बाहेर काढल्या, तेव्हा आतले चार स्क्रू दिसले. त्यांपैकी तीन बोटांनी फिरत होते. चौघांचेही आटे स्वच्छ करून, स्क्रू सैल होऊ न देणारे थ्रेडलॉक लावून ते घट्ट बसवले आणि सारी जुळणी झाल्यावर स्विच पुन्हा पहिल्यापासून लावला.

संध्याकाळी मालकांनी चाक सर्वांत वर नेऊन गाडी सुरू केली, बंद केली, एक खाच खाली आणून पुन्हा सुरू केली, आणि असे करत ते शेवटच्या खाचेपर्यंत आले. मग त्यांनी चावी काढून खिशात ठेवली आणि रेडिओकडे कान लावून काही क्षण तसेच बसून राहिले. आत पूर्ण शांतता होती.