प्रत्येक पोस्टला पत्ता मिळाला तेव्हा

परवा कपाट आवरताना एक सीडी सापडली, वर काळ्या मार्करने नुसतं 'एक्सपी' लिहिलेलं, म्हणजे विंडोज एक्सपीची. टाकून देणार होतो पण हात थांबला, कारण माझा ब्लॉग सुरू झाला तो या सीडीमुळे. २००५ सालची गोष्ट. घरच्या कॉम्प्युटरवर तेव्हा युनिकोड मराठी धड दिसायचं नाही, पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसायची, जोडाक्षरांचे पाय मोडलेले, 'प्रत्येक'सारखा साधा शब्दसुद्धा अडखळत वाचावा लागायचा. उपाय एकच होता, कंट्रोल पॅनेल उघडायचं, रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये जायचं, तिथे कॉम्प्लेक्स स्क्रिप्टवाल्या चौकोनात टिक करायची, आणि टिक केली की कॉम्प्युटर लगेच सीडी मागायचा. शेजारच्या दादाकडून ती मागून आणली, रीस्टार्ट केलं, मनोगत ही मराठी साइट उघडली तर सगळ्या वेलांट्या जागच्या जागी! त्याच रात्री ब्लॉगस्पॉटवर, म्हणजे ब्लॉगर या फुकट सेवेवरचे ब्लॉग जिथे दिसतात त्या पत्त्यावर, खातं उघडलं आणि आजीच्या परसातल्या रायआवळ्याच्या झाडावर पहिली पोस्ट टाकली.

तेव्हा मला वाटायचं ब्लॉग म्हणजे फुकटात मिळालेली वही. पण ही वही आली कुठून ते नंतर वाचत गेलो आणि माझं मत बदललं. ब्लॉग वाढले ते फुकट होते म्हणून नाही. फुकट वेबसाइट त्याआधीही मिळायची, जिओसिटीज नावाच्या सेवेवर लोकांनी पानंच्या पानं बनवून ठेवली होती. ब्लॉग वाढले कारण काही लोकांनी एका घरातून दुसऱ्या घरात जायच्या वाटा बांधल्या.

'वेबलॉग' हा शब्द १९९७च्या डिसेंबरात जॉर्न बार्गर या अमेरिकन माणसाने वापरला, त्याच्या साइटवर तो रोज वाचलेल्या चांगल्या लिंका टाकायचा, वेबवरची नोंदवहीच ती. १९९९मध्ये पीटर मरहोल्झने त्या शब्दाची फोड 'वी ब्लॉग' अशी केली आणि तिथून नुसतं 'ब्लॉग' उरलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिकने लाइव्हजर्नल ही डायरीसारखं लिहायची साइट सुरू केली आणि ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या पायरा लॅब्जने ब्लॉगर. पायरा म्हणजे इव्हान विल्यम्स, मेग हुरिहान आणि मोजकी माणसं, आणि त्यांना खरं तर प्रोजेक्ट सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवायचं होतं, ब्लॉगर हे आपल्यापुरतं केलेलं बाजूचं काम. तेच लोकांनी उचलून धरलं. पुढे डॉटकॉमचा फुगा फुटला, पैसे संपले, सर्व्हरसाठी वापरणाऱ्यांनीच वर्गणी काढली, २००१च्या जानेवारीत बाकी सगळे गेले आणि इव्हान विल्यम्स एकटा उरला. एकट्याने ते चालू ठेवलं! २००३च्या फेब्रुवारीत गूगलने ते विकत घेतलं. मधली दोन वर्षं तो थकून थांबला असता तर २००५ला मी 'नवीन ब्लॉग' वर क्लिक केलं ते बटण कुठलं असतं, हा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आता वाटांबद्दल. सगळ्यात साधी आणि माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पर्मालिंक. सुरुवातीच्या ब्लॉगला एकच पान असायचं, नवीन मजकूर वर, जुना खाली सरकत सरकत आर्काइव्हमध्ये गडप. समजा तुम्ही मंगळवारी काही छान लिहिलं आणि मी माझ्या ब्लॉगवर त्याची लिंक दिली, तर पुढच्या आठवड्यात तिथे येणाऱ्याला ते सापडायचंच नाही, त्याला तिसरंच काहीतरी दिसायचं. म्हणजे चाळीचा पत्ता आहे पण खोली नंबर नाही, पोस्टमन खाली उभा राहून हाका मारतोय. २०००च्या सुमारास ब्लॉगरमध्ये आणि इतरत्र प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता द्यायची पद्धत पडली. तारखेच्या शेजारी एक बारीकशी खूण, तिच्यावर क्लिक केलं की त्या एकाच नोंदीचा पत्ता वरच्या पट्टीत. एवढंच! पण त्यामुळे तुमच्या एका विचाराकडे बोट दाखवता यायला लागलं, 'हे बघ, हा काय म्हणतोय, आणि मला ते का पटत नाही' असं लिहिता यायला लागलं. वाद, उत्तरं, दाद, सगळं त्यावर उभं राहिलं. आज आपण कुठल्याही पोस्टची लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो ती हीच सोय.

दुसरी वाट आरएसएस, म्हणजे ब्लॉगवरचा नवा मजकूर 'फीड' म्हणून आपोआप वाचणाऱ्याकडे पोचवायची पद्धत. नेटस्केप या ब्राउझरवाल्या कंपनीने मार्च १९९९मध्ये आपल्या पोर्टलसाठी पहिली आवृत्ती काढली आणि लवकरच त्यातून अंग काढून घेतलं, मग डेव्ह वाइनर या प्रोग्रामरने ते पुढे नेलं, दुसऱ्या गटाने २०००च्या शेवटी वेगळीच १.० आवृत्ती काढली (त्यात आरन स्वार्ट्झ होता, तेव्हा अवघा चौदा वर्षांचा), भांडणं झाली, त्यातून अ‍ॅटम ही त्याच कामाची दुसरी पद्धत जन्माला आली. वाचणाऱ्याला यातलं काही कळायचं कारण नव्हतं. आपण ज्यांचे ब्लॉग वाचतो त्यांची यादी ब्लॉगलाइन्समध्ये किंवा २००५च्या ऑक्टोबरपासून गूगल रीडरमध्ये टाकायची, कोणी नवीन लिहिलं की आपल्याकडे येऊन पडायचं, कोण वर कोण खाली हे ठरवणारं मध्ये कोणी नाही. मराठी ब्लॉगविश्वच्या पानावर सगळ्या ब्लॉगांच्या ताज्या पोस्टी एकत्र दिसायच्या त्या या फीडमुळेच. मी सकाळी चहाबरोबर ते पान उघडायचो आणि एकाखाली एक, कोणी बोस्टनहून पहिल्या बर्फावर लिहिलेलं, कोणी नाशिकहून द्राक्षांवर.

या वाटेचं मोल मला जुलै २००६मध्ये कळलं. मुंबईच्या लोकलमधल्या बॉम्बस्फोटांनंतर काही दिवसांनी सरकारने मोजकी पानं बंद करायला सांगितली आणि इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांनी अख्खं ब्लॉगस्पॉटच बंद केलं. माझा स्वतःचा ब्लॉग मला दिसेना. पोस्ट लिहिता येत होती, कारण ते पान ब्लॉगरच्या पत्त्यावर, पण प्रसिद्ध झालेली पोस्ट उघडत नव्हती. आणि रीडरमध्ये मात्र सगळ्यांच्या पोस्टी येत होत्या, कारण फीड आणणारा सर्व्हर भारताबाहेर. दार बंद आणि खिडकीतून बोलणं चालू असे ते दिवस होते. आदल्या वर्षी २६ जुलैच्या पावसात मुंबईतल्या ब्लॉगरांनी असेच ब्लॉग उघडून मदतीची माहिती एकत्र केली होती, २००४च्या त्सुनामीच्या वेळीसुद्धा, त्यामुळे कुलूप नेमकं कशाला लागलंय हे आम्हाला चांगलं ठाऊक होतं.

तिसरी वाट ट्रॅकबॅक, ती मेली. बेन आणि मीना ट्रॉट या जोडप्याचं मूव्हेबल टाइप हे ब्लॉग चालवायचं सॉफ्टवेअर २००१मध्ये आलं, त्यांनी २००२मध्ये त्यात ही सोय आणली. मी तुमच्या पोस्टवर माझ्या ब्लॉगवर लिहिलं की माझं सॉफ्टवेअर तुमच्या सॉफ्टवेअरला कळवणार आणि तुमच्या पोस्टखाली माझी लिंक दिसणार. कल्पना इतकी सुंदर! पण लिंक मिळाली की गूगलमध्ये वर जाता येतं हे औषधं आणि जुगार विकणाऱ्यांना कळलं आणि सगळीकडे घाण भरली. २००५च्या जानेवारीत सर्च इंजिनांनी नोफॉलो आणलं, म्हणजे कमेंटमधल्या लिंकेला वजन द्यायचं नाही, वर्डप्रेस हे ब्लॉगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी त्याच वर्षी ही घाण गाळणारं अकिस्मेट आलं, पण तोवर लोकांनी ट्रॅकबॅक बंद करून टाकले होते. मला याचं अजून वाईट वाटतं. दोन ब्लॉग एकमेकांशी बोलू शकत होते आणि मध्ये कुठल्याही कंपनीचं अंगण लागत नव्हतं.

आणि कमेंट. ब्लॉगरला २००४पर्यंत स्वतःच्या कमेंट नव्हत्या, बाहेरच्या सेवेचा कोड टेम्प्लेटमध्ये चिकटवावा लागायचा, आणि मीसुद्धा एका मित्राचं टेम्प्लेट उचललं होतं त्यामुळे माझ्याकडे तीच बाहेरची सेवा होती. रायआवळ्याच्या त्या पोस्टवर नागपूरचे एक काका आले. निवृत्त शिक्षक, एका बोटाने टाइप करायचे, 'परसात' असं हवं 'परसामध्ये' नको असं सांगायचे आणि मग आपल्या गावच्या झाडाबद्दल दोन परिच्छेद लिहायचे. पुढची तीन वर्षं जवळजवळ प्रत्येक पोस्टवर आले. मग यायचे थांबले, काही महिन्यांनी त्यांच्या मुलीने कळवलं, ते गेले. पुढे ती सेवाही बंद पडली, ईमेल आलं होतं म्हणे एक्सपोर्ट करून घ्या म्हणून, माझ्या त्या जुन्या पत्त्यावर, जो मी उघडत नव्हतो.

सीडी सापडली म्हणून काल ती पहिली पोस्ट उघडली. पर्मालिंक तीच, पान लगेच उघडलं, रायआवळा, आजी, सगळं जागेवर. खाली काही नाही. जुनी वेबपानं साठवून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हवर पाहिलं, पान साठवलंय पण कमेंट वेगळ्या खिडकीत उघडायच्या त्यामुळे त्या त्यात आल्या नाहीत. माझ्या नंतरच्या पोस्टींमध्ये 'काका म्हणाले तसं' असं मी चार-पाच ठिकाणी लिहिलंय, आणि काका काय म्हणाले ते कुठेच नाही.

त्या काळात ब्लॉग वाचणारे, पानं सेव्ह करून ठेवणारे बरेच जण होते, डायल-अपवर तीच सवय होती. तुमच्यापैकी कोणाच्या जुन्या हार्डडिस्कवर त्या पोस्टची कमेंटसकट कॉपी असेल तर खाली कळवा. दोन ओळी असल्या तरी चालतील.