मेडिकलच्या काउंटरमागे : माझा अनुभव

बारावीनंतर मी डी. फार्मसीला प्रवेश घेतला तेव्हा घरच्यांची समजूत अशी होती, की दोन वर्षांत मुलीच्या नावावर सर्टिफिकेट येईल, ते कोणाच्या तरी मेडिकलमध्ये लागेल आणि दरमहा घरबसल्या थोडेफार पैसे मिळत राहतील. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. तरीही ‘सर्टिफिकेट लावण्याचा’ व्यवहार सगळ्यांना ठाऊक होता आणि त्यात कोणाला वावगेही वाटत नव्हते. मला मात्र प्रत्यक्ष काउंटरमागे उभे राहायचे होते.

अभ्यासक्रम तेव्हा १९९१ च्या नियमावलीचा होता आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाची. पाठांतराचा भार मोठा. प्रॅक्टिकलमधले इमल्शन, म्हणजे तेल आणि पाणी एकजीव केलेले मिश्रण, मात्र मला मनापासून आवडे. चार भाग तेल, दोन भाग पाणी आणि एक भाग डिंकाची पूड हे त्याचे प्रमाण. कोरड्या खलात तेल आणि डिंक एकत्र करून त्यात सगळे पाणी एकदम ओतायचे आणि बत्ता न थांबता एकाच दिशेने फिरवायचा. जमले, की मिश्रण पांढरे आणि दाट होते आणि बत्त्याखाली चटचट आवाज येऊ लागतो. खल जरा ओला राहिला असेल, तर कितीही घोटा, तेल वेगळेच राहते. आज दुकानात इमल्शन कोणी करत नाही, पण मोजून-मापून काम करण्याची सवय हाताला तिथेच लागली.

पदविकेनंतर किमान ३ महिन्यांत ५०० तासांचे प्रशिक्षण आणि त्यातले २५० तास चिठ्ठीवरची औषधे प्रत्यक्ष देण्याचे, असा नियम होता. सुरुवातीला माझ्याकडे खोकी फोडणे, बिलावरचे बॅच नंबर ताडून पाहणे आणि लवकर एक्स्पायरी होणारा माल पुढे लावणे एवढेच काम होते. चिठ्ठ्या हातात येऊ लागल्या तेव्हा कळले, की अक्षर लागणे हा त्यातला सोपा भाग आहे. क्लोरप्रोमाझीन मानसिक आजारावर देतात आणि क्लोरप्रोपामाइड मधुमेहावर. घाईत लिहिलेली ही दोन नावे जवळपास सारखीच दिसतात. अशा वेळी रुग्णाला त्रास काय होतो हे विचारायचे, डोस पाहायचा आणि तरीही शंका उरली तर डॉक्टरांना फोन करायचा, हे मला तिथल्या ज्येष्ठ फार्मासिस्टकाकांनी शिकवले. स्ट्रिप कापताना एक्स्पायरी छापलेले टोक शेवटपर्यंत राखायचे, हेही त्यांचेच.

महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडची नोंदणी कागदपत्रे नीट जोडल्यामुळे विनासायास झाली आणि मी एका मेडिकलमध्ये रुजू झाले. शेड्यूल एच-१, म्हणजे विक्रीची कडक नोंद ठेवावी लागणाऱ्या औषधांची यादी, १ मार्च २०१४ पासून लागू झाली होती आणि तिची धग काउंटरला अजून जाणवत होती. त्या यादीतले औषध देताना डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायची आणि ते रजिस्टर ३ वर्षे जपून ठेवायचे असते. त्याच यादीतल्या अल्प्राझोलामच्या, म्हणजे चिंता कमी करणाऱ्या गोळ्या वर्षानुवर्षे चिठ्ठीविना नेणाऱ्या गिऱ्हाइकांना हे पटणे शक्यच नव्हते. “ताई, इतकी वर्षं देत होता, आता काय झालं?” या प्रश्नाला कायद्याचे उत्तर पुरत नाही. या गोळ्यांची सवय लागते, त्या आपल्या मनाने सुरू ठेवणे जसे धोक्याचे तसेच एकदम बंद करणेही, म्हणून डॉक्टरांना दाखवा, असे सांगितले तर निम्मे लोक तरी ऐकून घेत. उरलेले पुढच्या दुकानात जात आणि मालकांच्या कपाळावर आठी उमटे. पगाराबद्दल न लिहिलेलेच बरे.

या नोकरीत सर्वांत जास्त डोके मला इन्शुलिनने लढवायला लावले. आपल्याकडे बाटलीतले इन्शुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपीची; १०० युनिटसाठीची सिरिंज नारिंगी टोपीची. एका आजोबांची साखर डोस वाढवूनही उतरत नव्हती. आजी बाटली न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना वापरातली सिरिंज दाखवायला सांगितले, तर ती नारिंगी टोपीची निघाली. ४० युनिटच्या बाटलीतून तिच्या वीसच्या खुणेपर्यंत ओढले, की पोटात २० नव्हे, फक्त ८ युनिट जातात. लगेच योग्य सिरिंज हाती देऊन मोकळे होणे मात्र धोक्याचे होते, कारण वाढवलेला डोस खरोखरच पूर्ण गेला असता आणि साखर एकदम खाली आली असती. मी डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी डोस नव्याने ठरवून दिला आणि मगच आजींनी लाल टोपीची सिरिंज नेली.

तेव्हापासून सिरिंज मागणाऱ्याला मी बाटली कोणती हे विचारल्याशिवाय ती देत नाही. इन्शुलिनचे पेन, म्हणजे औषधाची नळी (कार्ट्रिज) बसवलेले टोचण्याचे साधन, वापरणाऱ्याने सुई संपली म्हणून सिरिंज मागितली तर आणखी खोलात जाते, कारण १०० युनिटच्या कार्ट्रिजमधून लाल टोपीच्या सिरिंजने वीसच्या खुणेपर्यंत औषध ओढले, तर पोटात ५० युनिट जातात.